समोरची राखीव जागा

“अरांका कुठली एकटी फिरते! तिचा वेंडेल अजून त्या गाडीत बसून…”

एवढंच माझ्या कानावर आलं. मी गालिचा झोडायला खाली चौकात निघाले होते. जिन्याच्या वळणावर आमच्या इमारतीची राखणदारीण रोझाल दुसऱ्या मजल्यावरच्या बाईशी कुजबुजत होती. मला बघितलं आणि पुढचं वाक्य तिथंच गिळून ती कुंडीतल्या फुलांना कीड लागल्याचं सांगायला लागली.

“काय बसून, रोझाल?”

“काही नाही गं एतेल्का. तुझे कान म्हणजे ना, सुपाएवढे आहेत.”

खरं आहे ते. मला चौकशीची खोड आहे, मी नाकारत नाही. बुडापेस्टमधल्या आमच्या जुन्या इमारतीत ती सगळ्यांनाच लागते. मधे चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीवर उघडणारी. कोण काय तळतंय, कोण कुणाशी भांडतंय, न विचारता कळतं. मी विचारूनही घेते. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत, झाकण उचलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

अरांका मावशी माझ्या शेजारच्या दारातली. वय अठ्ठ्याहत्तर. दर मे महिन्यात ती एकटीच रेल्वेनं निघायची. घाई नाही, धावपळ नाही. व्हिएन्नात चार दिवस, प्रागमध्ये पाच, मग ड्रेस्डेन, आणि सावकाश परत. तिचा नवरा वेंडेल तेरा वर्षांपूर्वी अशाच प्रवासात, व्हिएन्ना आणि प्रागच्या मधे, जेवता जेवता खिडकीपाशी बसल्या जागी गेला होता. यंदा ईस्टरला मावशी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि इस्पितळात पडली. मी सूप घेऊन भेटायला गेले, तेव्हा तिनं उशीखालून तिकिटांचं पाकीट काढलं.

“माझ्याऐवजी तू जा. गाड्यांतल्या जागा राखून ठेवल्यात. उतरायच्या खोल्याही.”

“प्रत्येक गाडीत दोन जागा आहेत, मावशी. समोरासमोरच्या.”

“एक त्याची.”

जिन्यावरचं अर्धं वाक्य डोक्यात आपोआप पुरं झालं.

“बरोबर बाराला त्याच्या जागेवर डबा उघडून ठेवायचा,” ती म्हणाली. “पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं मांस, दोन उकडून सोललेली अंडी, खारवलेली काकडी, पाव. मग तू बाहेर, गाडीच्या कडेच्या मार्गिकेत जाऊन उभी राहा. पंधरा मिनिटं. जेवणाऱ्याकडं टक लावून बघू नये. मेलेल्याकडं तर नाहीच नाही.”

मला हसू येणार होतं, पण तिनं माझं मनगट धरलं होतं आणि ती पकड आजारी बाईची नव्हती.

“कुणीच गेलं नाही तर तो उपाशी राहील गं. आणि काय उरलं ते नीट बघ. अंडं कसं उरलं, ते मला आल्या आल्या सांग. शेवटच्या डब्यातलं उरलेलं गुंडाळून आण.”

“त्याचं उष्टं? कशाला?”

“नवऱ्याचंच आहे ना,” ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी गेले. खोटं कशाला बोलू, मावशीच्या मायेपोटी गेले तशी स्वतःच्या हौसेपोटीही गेले. माझी उभ्या जन्मातली मजल बालाटोनच्या तळ्यापर्यंत. गाडी स्टेशनातून हलली आणि मी पोरीसारखी काचेला नाक लावून बसले. सहा जणांचा कुपे होता, काचेच्या सरकत्या दाराची खोलीच, पण आत मी एकटीच. समोरच्या जागेवर ‘राखीव’ची चिठ्ठी.

सरहद्द मागं पडली. बारा वाजले. मी स्वतःपुरतं आधीच खाऊन घेतलं, समोर डबा उघडून ठेवला आणि मार्गिकेत जाऊन पवनचक्क्या मोजत राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. असल्या उन्हात भुताखेतांचं काय, असं मनाशी म्हणतच पंधरा मिनिटांनी दार सरकवलं.

आधी वास आला. भांडी पुसायचं फडकं ओलं तसंच चुरगळून आठवडाभर कोपऱ्यात पडावं, तसा. त्याखाली आणखी एक वास होता, उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तो. डबा मात्र जसाच्या तसा. मांस तसंच, अंडी तशीच. मावशीच्या वेडाची मला कीव आली. अन्न टाकायचं हे माझ्या हातून कधी झालेलं नाही. मी एक अंडं उचललं आणि चावा घेतला.

आत पिवळं नव्हतं.

पांढऱ्याची नुसती पोकळ टरफलासारखी वाटी, आणि त्या पोकळीत काहीतरी थंड, बुळबुळीत, दाट. ते माझ्या जिभेवर उतरलं. त्याला चव नव्हती. मीठ नाही, आंबट नाही, काही नाही. ओला कापूस चघळल्यासारखं. मी रुमालात थुंकले, तर ते रुमालापासून ओठांपर्यंत तारेसारखं लोंबत राहिलं, तुटेना. बोटानं तोडावं लागलं. दुसरं अंडं फोडून बघितलं, तेही तसंच. आणि पांढऱ्याला वरून भोक म्हणाल तर टाचणीएवढंही नव्हतं.

अंडी नासकी निघाली, अशी मी स्वतःची समजूत घातली. सव्वीस वर्षांत मी हजारो अंडी उकडली आहेत. असं नासकं अंडं मी पाहिलेलं नाही.

व्हिएन्नात चार दिवस बागा बघितल्या, पाय दुखेपर्यंत फिरले. पण कॉफीवर साय आली की मी कप दूर सारत होते. दिवसातून पाच वेळा दात घासत होते.

पुढच्या गाडीसाठी मी मुक्कामाला होते तिथल्या बाईच्या चुलीवर ताजा डबा केला. शब्द दिला होता मावशीला. पण या खेपेला मी बघायचं ठरवलं होतं. सरळ नाही. मार्गिकेतल्या खिडकीच्या काचेत पाठीमागच्या कुपेचं प्रतिबिंब पडतं, त्यात.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग समोरच्या आसनाची गादी मधोमध दबली. सावकाश, जड माणूस कुल्हे टेकवतो तशी. मांसाच्या तुकड्याची एक कड ओली झाली, मऊ पडली, आणि नाहीशी झाली. चावून नव्हे, चोखून. वरचा कुरकुरीत चुरा ओघळून डब्यात आला. हवेतून, जिथं तोंड असावं तिथून, लाळेची एक तार खाली उतरली आणि गाडीच्या हिसक्याबरोबर डुलत राहिली. आणि आवाज. मचमच, मचमच… आणि मधेच, टक्. मचमच… टक्.

तो आवाज मला ओळखीचा होता. माझ्या सासूची कवळी सैल झाली होती, तेव्हा जेवताना अशीच वाजायची.

पण वेंडेलला अख्खी इमारत ओळखत होती. सत्तरीतही नाताळात तो गॅलरीत उभा राहून दातांनी अक्रोड फोडून दाखवायचा. बत्तीसच्या बत्तीस स्वतःचे.

मग समोर जेवत होतं ते कोण?

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. गोल पोटाचा हसरा माणूस. त्याची आई आमच्याकडची, त्यामुळं मोडकी का होईना आमची भाषा बोलायचा.

“बाई, तुमचं दाखवा. तुमच्या सोबत्याचं नंतर बघतो.”

“माझ्या… कुणाचं?”

“आत बसलेत ते. आत्ता येता येता बघितलं तर जेवत होते. म्हटलं, जेवू द्या, जेवत्या माणसाला उठवू नये.”

“कसे दिसतात हो?”

तो माझ्याकडं बघून हसला. “भांडण झालंय वाटतं! कसे म्हणजे? म्हातारे.” मग त्याचं हसू जरा ओसरलं. “की म्हातारी होती? तोंडाला रुमाल लावला होता, नीट दिसलं नाही.”

आम्ही दोघांनी आत बघितलं. डबा होता. गादीवर बशीएवढा ओला डाग होता. तपासनीसानं नाक मुरडलं, टोपी सारखी केली आणि परत आलाच नाही.

प्रागचं मी तुम्हाला काही सांगू शकणार नाही. पूल ओलांडला असेन. आठवतात ती फक्त तोंडं. खानावळींच्या बाहेर ओळीनं बसून चावणारी, चरबी चोखणारी, बोटं चाटणारी. मी पाच दिवस चहा आणि कोरड्या पावावर काढले.

तिसऱ्या गाडीत डबा भरला खरा, पण तो उघडायची हिंमत होईना. गाडी नदीकाठानं चालली होती. बारा वाजून गेले. पाच मिनिटं. दहा. समोरची गादी आधीच दबलेली होती… आणि मग टक्. टक्. रिकाम्या तोंडाचा आवाज. मी झाकण काढलं, पण बाहेर जायला उठणार तोच माझ्या गुडघ्यावर काहीतरी टपकलं. कोमट. झग्यातून आत झिरपलं. ते पुढं झुकलं होतं. डब्यावर नाही, माझ्यावर. तो कुबट श्वास माझ्या हनुवटीवर लागला, जणू माझ्या तोंडाला कशाचा वास येतो ते हुंगत होतं.

गाडी स्टेशनात थांबत होती. मी डबा झटक्यात बंद केला, धावत खाली उतरले आणि फलाटावरच्या कचऱ्याच्या पिंपात फेकून दिला. भरलेला. मग नळाखाली गुडघा धूत बसले. गाडी निघून गेली. ड्रेस्डेन राहिलं. मी उलट्या दिशेची मिळेल ती गाडी धरून घरी आले. वाटेत समोरची जागा कोरडी होती. मला वाटलं, सुटले.

पण मावशीला काय सांगू? तिचं उरलेलं सगळं आयुष्य त्या डब्यावर तगलं होतं. ‘तुझा वेंडेल नाही तो’ असं कुठल्या तोंडानं म्हणू? मी घरी मांस तळलं, अर्धं कापलं, कड दातांनी कुरतडली, कागदात गुंडाळलं आणि इस्पितळात नेलं.

तिनं आधी वास घेतला. मग छोटासा घास. थोडा वेळ चावला आणि माझ्याकडं न बघता पुडी परत दिली.

“हे तू तळलंस. चव आहे याला.”

मला रडूच फुटलं. ती माझा हात थोपटत राहिली.

“कवळी वाजली का गं?”

“मावशी… तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षी वेंडेल होता. शपथेवर सांगते. अंड्याचं पांढरं खाऊन पिवळं अख्खं बाजूला ठेवलं होतं, कोरडं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तो तसाच ठेवायचा आणि ते मी खायची. दुसऱ्या वर्षापासून हे दुसरंच. हे पिवळंच चोखून घेतं.”

“आणि तरी तुम्ही…”

“वाटतं, एखाद्या वर्षी तो परत आला तर? माझं पिवळं ठेवलेलं असेल तर? म्हणून दर वर्षी उरलेल्यातला एक घास खाऊन बघते.” अकरा वर्षं ती काय जिभेवर घेत आली, ते मला माहीत होतं. तिनं माझी बाही ओढली. “शेवटच्या डब्यातलं किती खाल्लं त्यानं?”

“मी फेकला तो. उघडला आणि… भरलेलाच फेकला.”

मावशीनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

“मग ते उपाशी उठलं,” ती म्हणाली.

रोझालनं मला जिन्यातच गाठलं. “काय गं, खरंच वेंडेल बसतो का गाडीत?”

“अर्धं खरं आहे,” मी म्हटलं. “जेवायला कुणीतरी येतं.”

याला दीड महिना झाला. मावशी अजून इस्पितळातच आहे, हाड धरत नाही. मी रोज बाराला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक ताट ठेवते आणि गॅलरीत पाठ करून उभी राहते. घरी आल्यावर आठवडाभर ठेवलं नव्हतं. तेव्हा माझ्या उशीचा कोपरा सकाळी चोखलेला असायचा. आता ठेवते. आत वाजत राहतं, टक्… टक्… आणि खालून रोझाल ओरडते, “एतेल्का, रोज बाराला उभी राहून काय करतेस गं?” मी म्हणते, “हवा खाते.”

काल मात्र आत गेले तर दोन्ही खुर्च्यांच्या गाद्या दबलेल्या होत्या. एक ओली. एक कोरडी. ताटात एक अंडं रोजच्यासारखं पोकळ. दुसऱ्याचं पांढरं नीट खाल्लेलं, आणि पिवळं ताटाच्या कडेला अलगद ठेवलेलं. अख्खं. गोल. कोरडं.

कशाचा हात लागू नये म्हणून मी त्यावर काचेचा पेला पालथा घातला. आज तीनला इस्पितळात भेटीची वेळ आहे. मावशी हे पिवळं बघेल, आणि बघितलं की खाईल. तिच्यासाठी बारा वर्षांनी आलंय ते. चपला घालून मी तासभर टेबलापाशी बसले आहे, कारण पेल्याच्या आतल्या बाजूला सकाळपासून श्वासासारखी वाफ धरते आणि विरते… धरते आणि विरते.