मीराबाईची सांज

एक मडकं चोरीला गेलं म्हणून मे महिन्याच्या उन्हात ब्रह्मपुरीहून जीप हाकायची, हे झिंगूला काही पटलेलं नव्हतं.

"मॅडम, मडकंच न? सिंदेवाहीच्या बाजारातून दुसरं घेऊन देऊ त्यायले."

शेजारी बसलेल्या नीलिमा रामटेके हसल्या नाहीत. पंचवीस वर्षं कोर्टात कारकुनी करून त्यांनी ब्रह्मपुरीत तपासाचं ऑफिस टाकलं होतं. विम्याचे खोटे दावे, लग्नाआधीच्या चौकश्या, पळालेले नवरदेव, असली कामं यायची. झिंगू त्यांचा ड्रायव्हर, सोबती आणि त्याच्या स्वतःच्या मते निम्मा गुप्तहेर.

"त्या मडक्यात एका गावाचा न्यायाधीश होता," त्या म्हणाल्या. "वाटेत सांगते. पाण्याची बाटली दे."

पळसटोल्याची तंटामुक्ती समिती तालुक्यात नावाजलेली. इतर गावांत अध्यक्ष हात वर करून निवडतात, इथं दर तीन वर्षांनी एक मेच्या ग्रामसभेत रीतसर मतदान होतं. दोन पॅनेल, दोन उमेदवार, दोन मडकी. प्रत्येक मतदाराला मोजून मोहाची एक बी मिळते. पडद्यामागं जायचं, ज्याला मत त्याच्या मडक्यात बी टाकायची. पंधरा वर्षांत पाच वेळा एकच नाव निवडून आलं होतं. मीराबाई.

"म्हणजे पुढाऱ्यांनी बसवलेली न्यायाधीश," झिंगू म्हणाला. "मंग निकालही पुढाऱ्यांचेच असन."

"तसंच असायला पाहिजे," नीलिमा म्हणाल्या.

पळसटोल्यात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. ग्रामपंचायतीसमोर माणसांचे दोन घोळके उभे होते, मध्ये दहा पावलांची मोकळी जागा. दोन्हीकडे काठ्या होत्या. दारावरच्या फळ्यावर लिहिलं होतं: 'ग्रामसेवक भेट: मंगळवार, शुक्रवार. तंटामुक्ती बैठक: दर सोमवारी सकाळी आठ.' नीलिमांनी तो फळा दोनदा वाचला. झिंगूनं एकदाही नाही.

फोन केला होता ग्रामसेविका रंजीतानं. ती पलीकडच्या अंगणात, आंब्याखालच्या खाटेवर बसली होती. डोळे रडून सुजलेले. शेजारी सत्तरीची एक सडपातळ बाई ताठ बसून तिला पंख्यानं वारा घालत होती.

"ह्या मीराबाई," रंजीता म्हणाली. "लोक माह्या अंगावर आले तं यायनंच मले आपल्या अंगणात आणून बसवलं."

"पाणी घ्या पहिले," मीराबाई म्हणाल्या. आवाज बारीक, पण रस्त्यापलीकडचा घोळका बोलायचा थांबला.

झिंगू पाणी घ्यायला गेला. लाकडी घडवंचीवर तीन मडकी, तिन्हींवर पितळी ताटल्या. त्यानं पहिल्यातून तांब्या भरला. पाणी इतकं गार की त्याला घडवंचीखालच्या ओल्या मातीवरच लोळावंसं वाटलं. पहिल्या दोन मडक्यांखाली चांगला चिखल झाला होता. तिसऱ्याखाली मुंग्या धुळीतून चालल्या होत्या. तो वाकून त्यांची रांग पाहत बसला, तेव्हा नीलिमांनी त्याला हाक मारली.

रंजीतानं सगळं सांगितलं. सकाळी सातला मतदान सुरू झालं, साडेअकराला संपलं. तीनशे बारा मतं. मडकी शाळेतून आणली होती. समोरच्या पॅनेलचा उमेदवार आदेश, त्याच्या मडक्यात आधी रंगरंगोटीचा चुना कालवलेला, मीराबाईंचं स्वच्छ. दोन्हींच्या तोंडाला फडकी बांधून तिनं खोलीला कुलूप लावलं आणि सगळे जेवायला गेले.

"कुठं?"

"लहानूभाऊच्या घरी. बाईचे दीर, यायच्या पॅनेलचे पुढारी. आमरस होता. भाऊची बायको वाढत होती, भाऊ बर्फ आणाले गेले होते."

"आणि तुझी किल्ली?"

"पर्समध्ये. पर्स ओसरीत खुंटीले. परत येऊन पायलं तं कुलूप जसंच्या तसं, आन बाईचं मडकं गायब." तिनं डोळे पुसले. "मॅडम, उद्या विस्तार अधिकारी येतीन. किल्ली माह्यापाशी होती. माही नोकरी गेली समजा."

"तुम्हीही तिथंच जेवलात, बाई?" झिंगूनं आपला एक प्रश्न टाकून पाहिला.

"मतदानाच्या दिवशी मी कोणाच्याच घरी जेवत नाई," मीराबाई म्हणाल्या. "भाकर घरचीच."

नीलिमांनी त्यांना काहीच विचारलं नाही. त्यांनी नुसतं एकदा सूर्याकडे पाहिलं, मग मीराबाईंकडे. मीराबाईही सूर्याकडेच पाहत होत्या.

खोलीत काळोख होता. एकच खिडकी, तीही बंद. टेबलावर आदेशचं मडकं. नीलिमांनी बिया बाहेर काढून मोजल्या, झिंगूनं पुन्हा मोजल्या. एकशे अठ्ठेचाळीस. झिंगूची बोटं पांढरी झाली.

"मंग मीराबाईच निवडून आल्या," तो म्हणाला. "तीनशे बारातून एकशे अठ्ठेचाळीस गेले, उरले एकशे चौसष्ट. ते मडकं चोरून फायदा काय झाला चोराले?"

नीलिमा त्याच्याकडे बघतच राहिल्या. "झिंगू, आज तू मोठं काम केलंस."

"कोणतं?"

"तेच. काही फायदा नाही झाला."

झिंगूनं मान हलवली. कळलं काहीच नव्हतं, पण कौतुक कोण सोडतं.

आदेश भेटला त्याच्या कृषी केंद्रात, धानाच्या बियाण्याच्या पोत्यांमध्ये. पस्तिशीचा, तापट डोळ्यांचा माणूस. नीलिमांनी त्याला आकडा सांगितला.

"माह्या मडक्यातल्या बिया काढल्या त्यायनं," तो म्हणाला. "दीडशेच्या आत मी येऊच शकत नाई. माहे लोक मोजलेले आहेत."

"कोणी काढल्या?"

"लहानूभाऊनं, नाईतं त्यायच्या कोणा माणसानं. बाईनं नाई." त्यानं बियाण्याचं पोतं बाजूला सारलं. "मी बाईच्या विरोधात नाई, मॅडम. लहानूभाऊच्या पॅनेलच्या विरोधात आहो. बाईले हे मी पाया पडून सांगून आलो, मंगच अर्ज भरला."

"इतका मान?"

आदेशनं दुकानाच्या दाराकडे पाहून आवाज खाली केला. "वीस वर्षांचा होतो. शेजाऱ्याच्या विहिरीवरचा पंप मी चोरून विकला. बाईले सकाळीच समजलं होतं. पण बाई गुन्हेगाराचं नाव आपल्या तोंडानं घेतच नाईत. सगळ्या गावासमोर म्हणतात, 'सांजेपर्यंत मुदत आहे, ज्यानं केलं त्यानं यावं.' दिवस बुडेपर्यंत गप्प बसतात. तो दिवस मले माहीत आहे, मॅडम. मी उठलो. त्या दिवशी उठलो नसतो तं आज हे दुकान नसतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आजवर एकाचंही नाव त्यायले घ्यावं लागलं नाई."

लहानूभाऊ ओसरीत लोडाला टेकून बसले होते. साठीचा भारदस्त गडी, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. चहा आला, बिस्किटं आली.

"पाच वेळा मी वहिनीले निवडून आणलं," ते म्हणाले. "आन त्यायचा पहिला निकाल कोणाच्या विरोधात, ठाऊक आहे? माह्या. शेताचा धुरा दोन हात सरकवला होता मी. भर सभेत मांगं घ्यायले लावला. वर्षभर बोललो नाई."

"तरी पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच उभं केलंत?"

"करतो काय, बापा? मतं त्यायच्याच नावानं पडतात." ते हसले. मग हसू ओसरलं. "या वेळी मात्र हवा वेगळी होती. पोट्टे आदेशच्या मांगं. वहिनी हरल्या असत्या तं पंधरा वर्षाची सेवा मातीत गेली असती. मले ते पाहवलं नसतं."

"दुपारी तुम्ही कुठं होतात?"

"इथीच. पंगतीले मी सोता वाढून राह्यलो होतो. घराबाहेर पाऊल टाकलं नाई."

उठताना नीलिमांनी विचारलं, "ग्रामपंचायतीच्या किल्ल्या किती?"

"एकच. ग्रामसेविकेपाशी." ओसरीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

हाच प्रश्न त्यांनी पानठेल्यावर विचारला, शाळेच्या शिपायाला विचारला, विहिरीवरच्या बायांना विचारला. सगळीकडे तेच उत्तर. एकच.

साडेपाच वाजता सगळं गाव आंब्याखाली जमलं. दोन्ही घोळके, काठ्यांसकट. झिंगूला हा भाग सगळ्यात आवडायचा. मॅडम उभ्या राहतात, एकेक धागा सोडवतात आणि शेवटी बोट दाखवतात. तो ऐटीत पुढं बसला.

"मडकं चोरून निकाल बदलत नाही," नीलिमांनी सुरुवात केली. "उरलेलं मडकं मोजलं की हिशोब लागतो. हे झिंगूनं सांगितलं."

झिंगूनं आजूबाजूला पाहिलं.

"म्हणजे ज्यानं मडकं नेलं त्याला निकाल बदलायचा नव्हता. मडक्यात काहीतरी होतं, ते त्याला जपून ठेवायचं होतं. आता कुलूप तुटलेलं नाही. सगळं गाव सांगतं, किल्ली एकच. मग मला सांगा, ग्रामसेविका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. सोमवारी सकाळी आठला बैठकीसाठी ती खोली कोण उघडतं?"

बायांमधून एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाई उघडतात."

"पंधरा वर्षं दर सोमवारी तुम्ही त्यांच्या हातात किल्ली पाहता. आणि आज एकानंही ती मोजली नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. बाईंची किल्ली ही चोरीच्या हिशोबात धरायची वस्तू आहे, हे तुमच्या कोणाच्या मनातच आलं नाही." नीलिमा वळल्या. "बाई, दुपारपासून तुम्हाला कोणी विचारलं नाही. मी विचारते. मडकं तुम्ही नेलंत?"

"हो," मीराबाई म्हणाल्या.

घोळक्यातल्या काठ्या खाली आल्या.

"ते घडवंचीवर आहे," नीलिमा म्हणाल्या. "तिसरं. पाण्याची मडकी पाझरतात, त्याच्याखाली धूळ आहे. झिंगू, आण."

त्यानं ते दोन्ही हातांनी आणलं आणि चादरीवर ओतलं. तपकिरी, चकचकीत बिया. त्यांच्यात मधूनमधून पांढऱ्या, चुन्यानं माखलेल्या. नीलिमांनी त्या वेगळ्या केल्या. एकोणीस.

"या आधी आदेशच्या मडक्यात होत्या. जेवणाच्या वेळी कोणीतरी रंजीताच्या पर्समधली किल्ली घेतली, अंधारात इकडच्या बिया तिकडं टाकल्या, किल्ली परत ठेवली. चुना त्याला दिसला नाही. भाकर खाऊन बाई सगळ्यांच्या आधी आल्या. दार उघडताच आपल्या मडक्याच्या फडक्यावर पांढरी बोटं दिसली, आतल्या बिया मोजल्या. आपण जिंकलो आहोत आणि कशानं, दोन्ही त्यांना कळलं. मडकं तिथंच राहतं तर त्यानं परत येऊन पांढऱ्या बिया काढून नेल्या असत्या. म्हणून पुरावा उचलला, रंजीताला शेजारी बसवलं आणि चोरीचा ठपका आपल्यावर येण्याचा धोका पत्करला. मुदत दिली, पण या वेळी तोंडानं सांगितली नाही. का, बाई?"

"सांगितली असती तं आदेशच्या पोट्ट्यायनं तिथीच एखाद्याचं डोस्कं फोडलं असतं," मीराबाई म्हणाल्या. "ज्यानं केलं त्याले ठाऊक आहे, मी सांजेची वाट पाहतो म्हणून."

"तो कोण?" आदेश ओरडला. "नाव सांगा, मॅडम."

झिंगूला आता नाव कळलं होतं. बर्फ आणायला गेलेला माणूस, जो म्हणतो घराबाहेर पाऊल टाकलं नाही. त्यानं मॅडमच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आता बोट वर होणार.

नीलिमा खाली बसल्या.

"नाव माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "पण मी घेणार नाही. दिवस अजून बुडायचा आहे."

इतक्या वर्षांत झिंगूनं त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. सगळं गाव पश्चिमेकडं तोंड करून राहिलं. सूर्य सागाच्या शेंड्यांवर टेकला, अर्धा झाला, मग नखाएवढा उरला. मीराबाई हलल्या नाहीत. आणि झिंगूला लख्ख कळलं की ही बाई आपलं पंधरा वर्षांचं नाव पणाला लावून एका माणसाची वाट पाहते आहे, आणि तो माणूस तिच्याच घरचा आहे.

लहानूभाऊ उठले. धोतर सावरलं. दोन पावलं चालले आणि खाटेसमोर जमिनीवर बसले.

"मी केलं, वहिनी," ते म्हणाले. "तुमी हरून राह्यल्या होत्या."

"माहीत आहे," मीराबाई म्हणाल्या. "हरू द्यायचं असतं, भाऊजी."

मग त्यांनी हिशोब केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्यांच्या एकशे पंचेचाळीस, आदेशच्या एकशे सदुसष्ट. पदराच्या गाठीतून त्यांनी किल्ली सोडली आणि आदेशच्या हातावर ठेवली. खाटेवरून उतरल्या. दिराशेजारी, तंटेवाले बसतात त्या जागी, मांडी घालून बसल्या.

"अध्यक्षसायेब," त्या म्हणाल्या, "मतदानाचं मडकं मी खोलीबाहेर नेलं. यायच्यासंगं माहाही तंटा लिहून घ्या."

सगळं गाव उभं राहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. झिंगूही उभा होता, टोपी हातात घेऊन. खाट मोकळी होती, पण आदेश तिच्यावर बसेना. त्यानं किल्ली दोनदा उलटीपालटी केली.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "सोमवारी तुमी घरून किती वाजता निघता?"

"साडेसातले," मीराबाई म्हणाल्या. "झाडून घ्या लागते न पहिले."