हॉलिसच्या जड काड्या

एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला, तशी मेविस बाणांच्या काड्या निवडायला शेडमध्ये जाऊन बसली. बाहेर अजून ऊन होतं, पण आत दिवा लावावा लागला. देवदाराचा वास वर्षभर बंद खोलीत कोंडून राहिला होता. तो नाकात शिरला आणि तिला वाटलं, नवरा, हॉलिस, आत्ताच उठून चहाला गेलाय.

काडी निवडायची रीत त्याचीच. टेबलावर सोडायची आणि कान द्यायचा. सरळ काडी गुपचूप घरंगळते, वाकडी टकटक करत जाते. वाकडी निघाली की हॉलिस ती गुडघ्यावर मोडायचा, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून. उरलेल्यांतल्या जड तेवढ्या ठेवायच्या आणि रंध्याने त्यांचं शेपूट निमुळतं करायचं, म्हणजे सगळं वजन फाळाकडे राहतं. ‘हलका बाण लांब जातो, जड बाण आत जातो,’ हे पालुपद ऐकून ऐकून मेविसचे कान किटले होते. आता तेच ऐकायला जीव तळमळत होता.

गेल्या वर्षी हॉलिसची बोटं सांधेदुखीने धरली, रंधा हातात ठरेना. त्याच्या भावाने, क्लाइडने, हलक्या, सरळसोट बाणांची जुडी आणून दिली. एवढ्या एका वर्षापुरतं तर काम, म्हणून हॉलिसने ती घेतली. बाण एका थोराड नराच्या खांद्यात बसला, पण आत गेला नाही. रक्त सांडलं की त्याच्या शेवटापर्यंत जायचं, हा त्या डोंगरातल्या शिकाऱ्यांचा धर्म. हॉलिस त्याच्या मागावर ‘मेअर’ नावाच्या घळीत शिरला, वर बर्फ आलं, आणि वसंतात शोधणाऱ्यांना मिळाली ती फक्त टोपी. दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड होता, खाली नुसती माती होती.

मेविसला शिकारीची कसली हौस! तिला त्याची निदान हाडं तरी घरी आणायची होती. पण शिकारीला म्हणून हातात धनुष्य घेतलं की क्लाइड तिला घळीत जाण्यापासून अडवू शकणार नव्हता.

जड काड्या बाजूला काढून तिने शेडला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती तोच आवाज आला. काडी घरंगळल्याचा. मग दुसरी. मग रंध्याची लांब, सावकाश सरसर...

तिने जाऊन कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. काड्यांची शेपटं मात्र निमुळती झाली होती, आणि टेबलाखाली लाकडाच्या कुरळ्या सालींचा ढीग पडला होता. तिने एक साल उचलली. ती कोमट होती.

मेविस किंचाळली नाही. स्टुलावर बसून पोटभर रडली आणि वर्षात पहिल्यांदा तिला सुखाची झोप लागली. मग रोज संध्याकाळी ती थोड्या काड्या टेबलावर ठेवून येई आणि स्वयंपाकघरात कान लावून बसे. क्लाइडने तयार बाण पाहिले, अंगठा शेपटावरून फिरवला आणि विचारलं, कधी शिकलीस हे? बघून बघून, ती म्हणाली.

पहिल्या बर्फात ती घळीत गेली. म्हातारा नर जणू वेळ ठरल्यासारखा समोर आला. जड बाण त्याच्या आरपार गेला. ती रक्तामागे चालत गेली तर पडलेल्या झाडापाशी तो मरून पडला होता. खांद्यात, भरून आलेल्या कातडीखाली, क्लाइडच्या जुडीतल्या बाणाचं तुटकं टोक होतं.

खरं तर तिथेच संपायला हवं होतं. पण रक्त पुढे गेलं होतं. ताजं, लाल, बर्फावरून वर कड्याकडे...

शेवटापर्यंत जायचं, म्हणून ती गेली. कड्याच्या कपारीत हॉलिस बसला होता, लोकरी कोटात, हाडं झालेला. रक्ताचा शेवटचा थेंब त्याच्या बुटापाशी होता. नंतर क्लाइड माणसं घेऊन वर आला, तेव्हा तो म्हणाला की रक्त एल्कपाशीच संपलंय, पुढे फक्त तुझी पावलं आहेत.

दगडाखाली हॉलिस आला. त्या संध्याकाळी मेविसने काड्या ठेवल्या आणि कान लावून बसली. काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढेही नाही. आधी नवरा नव्हता, पण चाहूल होती. आता तीही तिने आपल्या हाताने मारली होती. जखमी जनावर मागे राहिलं म्हणून तो थांबला होता, आणि तिने ते जनावरच संपवलं.

विचार करकरून तिला एकच वाट दिसली. तिने माळ्यावरून क्लाइडच्या हलक्या बाणांची उरलेली जुडी काढली. एखाद्या जनावराला अर्धवट जखम करायची, त्याच्यामागे बर्फात जायचं आणि परतायचं नाही. मग घळीत कायमचं त्याच्यासारखंच फिरता येईल, कदाचित त्याच्याबरोबर.

क्लाइड अंडी द्यायला आला, तेव्हा त्याला टेबलावर जुडी दिसली.

“हे कशाला काढलंस?”

“हात दुखतो. जड ओढवत नाहीत.”

त्याने अंडी खाली ठेवली. “मेविस... मी ते तेव्हाच जाळायला हवे होते गं.”

“तू नको मनाला लावून घेऊस,” ती म्हणाली, आणि तो गेल्यावर तिने कुलूप लावलं.

सकाळी कोट, बूट घालून ती बाण घ्यायला आली. कुलूप जागच्या जागी होतं. आत सगळे हलके बाण मधोमध मोडून पडले होते, तुकड्याला तुकडा नीट लावून, हॉलिस गुडघ्यावर मोडून ठेवायचा तसे. मेविस स्टुलावर बसली.

“बरं,” ती रडत म्हणाली. “बरं बाबा, नाही जात.”

टेबलाच्या अंधाऱ्या टोकाकडून काहीतरी घरंगळत आलं. अजिबात आवाज न करता. तिच्या हाताला लागून थांबलं.

हा एक बाण त्याने मोडला नव्हता. त्याचं शेपूट नुकतंच निमुळतं केलं होतं, नीट आत जाईल असं, आणि लांबी तिच्या हाताच्या मापाची कापली होती.