समासातली नोंद

चर्चचं कार्यालय मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते बारा एवढंच उघडं असायचं. मी मंगळवारी पावणेदहाला पोहोचले तर दाराला कुलूप. सव्वादहाला एक बाई किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आल्या, माझ्याकडे न बघता कुलूप काढलं आणि आत जाऊन आधी कुंड्यांना पाणी घातलं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव किल्लीबाई ठेवलं. नावं ठेवायची सवय मला लहानपणापासूनची, दोन्ही अर्थांनी.

काम तसं साधं होतं. माझी एकुलती एक लेक या देशात नर्स आहे. तिचा व्हिसा चार महिन्यांत संपत होता आणि पुढे वाढवून मिळणार नव्हता. सात वर्षांत तिने इथे जे काही जमवलं, ते सगळं गुंडाळून तिला परतावं लागलं असतं. एकच वाट उरली होती. माझे बाबा याच गावात जन्मले होते. अकराव्या वर्षी मावशीबरोबर बोटीत बसून आमच्या देशात आले आणि पुन्हा इकडे फिरकले नाहीत. आजोबा इथे जन्मल्याचा पुरावा दिला की नातीला नागरिकत्व मिळतं, आणि ही सवलत वर्षअखेर बंद व्हायची होती. बाबांच्या जन्माच्या वेळी या भागात सरकारी नोंदणी नव्हती. म्हणून चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला चालतो, पण तो समासासकट लागतो.

ही समासाची भानगड मला आधी कळली नव्हती. ज्या चर्चमध्ये तुमचा बाप्तिस्मा झाला, तिथे वहीत तुमच्या नावाची एक ओळ असते. पुढे तुम्ही जगात कुठेही लग्न केलंत, की तिथलं चर्च मूळ चर्चला कळवतं आणि ती बातमी तुमच्या ओळीसमोर, समासात लिहिली जाते; गावातच कुणी मेलं तर तेही. माणूस गाव सोडून जातो, पण त्याची खबर त्याच्या ओळीपाशी परत येत राहते. दाखला देताना समासातलं सगळं उतरवून द्यावं लागतं, आवडो न आवडो.

किल्लीबाईंनी मला आवक वहीत सही करायला लावली, मग आतून एक जाडजूड वही आणली. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. पानावरून बोट सरकवत त्या थांबल्या.

"जुळे होते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुमचे वडील. हे बघा. एकाच दिवशी दोघांचा बाप्तिस्मा. वर तुमचे वडील, खाली भाऊ."

बाबांना भाऊ होता हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. एक्काहत्तर वर्षं जगले, पण या बाबतीत कधी ताकास तूर लागू दिली नाही. मला त्यांचा राग आला. मग मी समास वाचला. खालच्या ओळीचा समास कोरा होता. वरच्या ओळीसमोर, बाबांच्या नावासमोर, बारीक अक्षरात लिहिलं होतं: वय नऊ, तापाने मृत्यू, इथेच दफन.

मला चक्क हसू आलं. मी सत्तावीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे दहातल्या नऊ चुका एकाच जातीच्या असतात: एका नळीची चिठ्ठी शेजारच्या नळीला. एकाच आडनावाचे दोघे एकामागोमाग आले की हमखास. इथेही तेच झालेलं दिसत होतं. मेला होता खालचा भाऊ, आणि लिहिणाऱ्याची ओळ चुकली होती.

"माझे वडील माझ्या डोळ्यांसमोर गेले," मी म्हटलं. "एक्काहत्तराव्या वर्षी. त्यांच्या कोर्टातल्या लग्नाचा दाखला आहे माझ्याकडे, मृत्यूचाही आहे."

किल्लीबाईंनी दोन्ही कागद नीट वाचले. "असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. "दुरुस्तीचा अर्ज करा. धर्मप्रांताच्या कार्यालयातून मंजुरी आली की नोंद हलवू."

"हलवू म्हणजे? खोडून टाका ना."

"इथे नुसतं खोडत नाहीत, बाई. या ओळीवरून काढली तर त्या ओळीवर लिहावी लागते. पोर मेलं हे तर खरं ना? कुणीतरी पुरलंय त्याला."

त्यांनी मला दोन पानी अर्ज दिला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून भरायला सांगितलं.

बाकावर एक बाई येऊन बसली होती. माझ्याच वयाची, निळा स्वेटर, मांडीवर कागदांची फाइल. आत जाऊन आवक वहीत तिने माझ्या सहीखाली सही केली, ते मी दारातून पाहिलं. परत येऊन ती माझ्या शेजारी बसली आणि डब्यातून सफरचंद काढून कापायला लागली. सुरी धरताना तिची करंगळी आत वळत होती. बाबांची तशीच वळायची. माझीही वळते.

"घ्या," तिने एक फोड पुढे केली. "किती वेळाचं काम आहे काय माहीत. तुम्ही कुणासाठी आलात?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने स्वतःचंच सुरू केलं. बोलकी होती. "माझ्या बाबांचा दाखला हवाय. लेकीसाठी. तिचा व्हिसा संपतोय, आणि वर्षअखेर ती सवलतही जाणार. बाबा इथलेच. जुळे होते, पण भाऊ नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. बाबांनी मरेपर्यंत त्याचं नाव काढलं नाही. मला आईकडून कळलं."

सफरचंदाची फोड माझ्या हातातच राहिली.

म्हणजे ही माझी चुलत बहीण. सख्ख्या काकांची मुलगी. दोन्ही भाऊ जगले होते तर! वहीतली नोंद तिसऱ्याच कुणाची असणार, आणि आम्ही दोघींनी आत्ता आत जाऊन हे सांगितलं असतं तर किल्लीबाईंनाही पटलं असतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली, हे अगदी खरं आहे. मला ना भाऊ ना बहीण.

पण हातात अर्ज होता. त्याच्या दुसऱ्या पानावर सातवा रकाना होता: ज्या ओळीवर नोंद हलवायची, त्या व्यक्तीचे कोणी वंशज अर्जदाराच्या माहितीत आहेत काय? असल्यास दुरुस्ती स्थगित राहील.

स्थगित. वर्षअखेरीला सात आठवडे उरले होते.

"तुमचे बाबा काय करायचे?" मी विचारलं. मला वेळ काढायचा होता.

"टाइपरायटर दुरुस्त करायचे."

माझेही तेच करायचे. जुळी भावंडं एकाच वळणाची असतात, मी स्वतःला सांगितलं. त्यावर बरंच संशोधनही झालेलं आहे.

"शनिवारी घरभर सुटे भाग," ती हसत म्हणाली. "आई ओरडायची. मी त्यांच्या शेजारी बसून अखंड बडबड करायचे, तर मला रेडिओ म्हणायचे. 'रेडिओ, जरा बॅटरी वाचव.' शेवटी दवाखान्यातसुद्धा."

मी हातातली फोड बाकावर ठेवली.

बाबा मला रेडिओ म्हणायचे. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, नाकात नळी असताना त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं. त्या खोलीत तेव्हा मी एकटी होते.

"तुम्ही कुणासाठी म्हणालात?" तिने पुन्हा विचारलं.

"ओळखीतल्या एकांसाठी," मी म्हटलं.

मग मी तिच्याकडे पाठ करून सातव्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि सही केली. ती मागे सफरचंद खात होती. मला चावल्याचा आवाज ऐकू येत होता. मी हे घाबरून केलं असं म्हणून मला सुटता येणार नाही. मी नीट विचार करून केलं. तिच्या बाबांचा समास कोरा होता, तिला आजच दाखला मिळणार होता. माझ्या दुरुस्तीनंतर तिचं ती बघून घेईल, असा हिशेब मी मांडला.

अर्ज देऊन बाहेर आले तेव्हा ती आत जायला उठत होती. "भेटूच," ती म्हणाली.

मंजुरी यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी लेकीकडे राहिले. तिच्या खोलीत अर्धे खोके भरून ठेवलेले होते, आणि ती रोज ड्युटीवरून आल्यावर त्यातलंच काहीतरी काढून वापरायची. "आई, होईल ना गं?" एवढंच विचारायची. मी तिला जुळ्यांबद्दल सांगितलं, ओळ चुकल्याचंही सांगितलं. बाकावरच्या बाईबद्दल सांगितलं नाही.

मग एका गुरुवारी पुन्हा गेले. किल्लीबाईंनी मंजुरीचं पत्र वहीशेजारी ठेवलं, वरच्या ओळीसमोरच्या नोंदीवर पट्टीने एक रेघ मारली आणि तीच नोंद, शब्द न शब्द, खालच्या ओळीसमोर लिहिली. वय नऊ, तापाने मृत्यू, इथेच दफन. मग तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत वहीवर हात धरून बसल्या.

"हिचा दाखला आधीच गेला असेल ना?" मी विचारलं. "या खालच्या ओळीचा?"

"कुणाचा?"

"त्या दिवशी एक बाई होत्या. निळा स्वेटर. माझ्या पाठोपाठ आत आल्या."

"त्या मंगळवारी तुम्ही एकट्याच होतात."

मी आवक वही ओढून घेतली. त्या तारखेखाली माझी सही होती. तिच्याखाली एक रिकामी ओळ, आणि तिच्याखाली गुरुवारची तारीख, वेगळं नाव. खाडाखोड नव्हती. मी कागद उजेडासमोर तिरपा धरून पाहिला, लॅबमध्ये काचपट्टी धरते तसा. पेनाचा दाबसुद्धा उमटलेला नव्हता.

"ओळ सुटली असेल," किल्लीबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातून वही काढून घेतली आणि दाखला दिला.

लेकीला नागरिकत्व मिळालं. शपथेच्या दिवशी तिने मला उचलून गोल फिरवलं, माझं वजन न बघता. त्या रात्री मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. मी मायदेशी, माझ्या घरी परत आले. पुढचे पाच महिने मी त्या बाईचा विचार फक्त लॅबमध्ये, नळ्यांना चिठ्ठ्या लावताना करायचे. एका नळीला एक चिठ्ठी.

परवा चर्चच्या कार्यालयाचं पत्र आलं.

भाषा सभ्य आहे. खालच्या ओळीतील व्यक्ती प्रौढ वयापर्यंत हयात असल्याचे पुरावे तिच्या कन्येने सादर केले आहेत. नोंद मूळ जागी न्यावी असा तिचा अर्ज आहे. अर्जदाराच्या माहितीत वरच्या ओळीतील व्यक्तीचे कोणी वंशज नाहीत. तथापि जुन्या अर्जावर आपला पत्ता आढळल्याने कळवीत आहोत. निर्णय येत्या गुरुवारी होईल.

पुराव्यांपैकी एका फोटोची प्रत सोबत जोडली आहे.

फोटो मी ओळखला. तो मीच काढला होता, स्टुलावर उभी राहून. बाबा आमच्या खिडकीपाशी खुर्चीत बसले आहेत. पडदा आमचाच, एका कडेला उसवलेला. त्यांच्या मांडीवर सहा वर्षांची मुलगी आहे. अंगात ठिपक्यांचा फ्रॉक. तो मी लेकीसाठी शिवला होता, घाईत, म्हणून खिसा वाकडा झालाय.

फ्रॉक तोच आहे. खिसाही वाकडा आहे.

मुलगी माझी नाही.

मी लगेच लेकीला फोन लावला. तिने उचलला. "आई, ड्युटीवर आहे, नंतर बोलते," म्हणाली. आवाज तिचाच होता. माझा जीव भांड्यात पडला.

पत्राच्या खाली एक चौकट छापली आहे: छायाचित्रातील व्यक्ती आपल्या परिचयाच्या असल्यास येथे सही करावी.

मूळ फोटो बाहेरच्या खोलीत, पुढच्या दारावर लावलेला आहे. परवापासून मी मागच्या दाराने ये-जा करते आहे.