खंडेनवमीला पुसलेली डिस्क

पटलं तर घ्या, न्हाईतर सोडा. मी काही गोष्टी रचणारा माणूस नाही. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं हेच करतोय. हे घडलं गेल्या खंडेनवमीला, भर दुपारी तीन वाजता, माझ्याच दुकानात.

त्याच्या आठ दिवस आधी पन्हाळ्याकडच्या एका वाडीतनं तानाबाई मावशी आल्या होत्या. एसटीतनं, मांडीवर जुनं काळं मशीन, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, घेऊन. त्यांचा एकुलता एक पोरगा सयाजी इचलकरंजीत लूमवर होता. मार्चमध्ये तिकडंच छातीत कळ आली आणि गेला.

मावशींना वाचता येत नाही. म्हणून सयाजी सुट्टीला आला की पेपर मोठ्यानं वाचून त्या मशीनमध्ये रेकॉर्ड करून ठेवायचा. तो गेल्यावर मावशी तेच ऐकत बसायच्या.

"जोतीराम, आता ते सुरूच हुईना झालंय. कायबी कर, पर त्येचा आवाज तेवढा ऱ्हाऊ दे. दुसरं काय न्हाय बाबा माझ्यापाशी."

"निवांत ऱ्हावा मावशी," म्हटलं.

विंडोज पार बसलं होतं. डेटाला धक्का न लावता शेजारी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी फुकटातली सिस्टीम, टाकलं की काम भागणार होतं. मशीनवर कागदी पट्टी चिकटवली आणि लाल पेननं लिहिलं, 'डेटा ठेवणे'.

खंडेनवमीला सकाळी मी आणि बायको क्रांती, दोघांनी दुकान धुतलं. सगळी मशीनं ओल्या फडक्यानं पुसली. हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. आमच्यात पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावत नाहीत.

पण मला घाई. एका शाळेची सहा जुनी मशीनं आली होती, तशीच काळी. त्यातलं सगळं पुसून लिनक्स टाकायचं होतं.

"अहो, आज नगा की हात लावू!" क्रांती म्हणाली.

"मग काय, झेंडू खाऊ?" मी खेकसलो.

ती पूजेचं ताट उचलून घरी गेली.

पाच मशीनं झाली. सहावं घेतलं. पेनड्राइव्ह लावला. 'पूर्ण डिस्क पुसा' दाबलं.

आणि मागनं...

कोणतरी खोकलं.

वळून बघितलं. दुकानात कुणी नव्हतं. रस्त्यावर असेल कोणतरी, म्हणून सोडून दिलं.

लिनक्स बसलं. मशीन परत सुरू केलं तर स्क्रीन काळी. ग्राफिक्सचं सेटिंग बदललं. काळीच. रॅम काढून खोडरबरनं घासली, परत बसवली. काळीच. शेवटी वैतागून हार्डडिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि मशीन नुसतंच चालू केलं.

पंखा फिरेना. दिवा लागेना. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा बंद झाला...

परत खोकला.

आतनं. मशीनच्या आतनं!

अहो, त्याला स्पीकर जोडलेलाच नव्हता की!

मी मागं सरकलो. नजर कोपऱ्यात गेली. तिथं शाळेचं एक मशीन माळेसकट तसंच होतं. पाच झालेली, एक तिथं. मग मी पुसलं कुणाचं?

बादलीतलं सकाळचं फडकं उचललं.

त्याला पट्टी चिकटली होती. लाल शाई पसरलेली...

डेटा ठेवणे.

एका आईचं होतं नव्हतं ते सगळं मी पुसून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत फायली परत काढायचा सगळा खटाटोप केला. एकही फाईल मिळाली नाही. डिस्क परत बसवली तर लिनक्स गुमान सुरू झालं, नव्या कोऱ्या घरासारखं रिकामं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मावशी सकाळीच आल्या, माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घे बाबा. आवाज हाय न्हवं?"

खरं सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. तोंडातनं निघालं, "हाय की मावशी."

त्यांनी माझ्यावरनं कडाकडा बोटं मोडली आणि मशीन घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आता शिव्या खाणार, म्हणून जीव मुठीत धरून उचलला. पण मावशींचा आवाज एकदम शांत होता.

"बोलतोय बघ सयाजी."

मी विचारलं, "बोलतोय?"

"व्हय की. रोज तिन्हीसांजंला. पर आता पेपर न्हाय वाचत..."

"मग?"

"एकच इचारतोय. 'आये, मला पुसलं कुणी?'"

"म्या अजून सांगितलं न्हाय, जोतीराम," मावशीच पुढं म्हणाल्या. "तुझं नाव सांगू काय?"

मी फोन कट केला.

आठ महिने झाले. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला मावशींचा फोन येतो. मी उचलत नाही, वाजून वाजून बंद होतो.

काल पहिल्यांदाच फोन आला नाही. म्हणजे मावशींनी नाव सांगितलं असणार.