एकविसाव्या शिखरावरची कोरी ओळ

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवाच, असा आग्रह मी धरणार नाही. कधी कधी माझाच बसत नाही. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा सख्खा मावसभाऊ. पुरुषोत्तमनं सबंध आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं. त्या एका ओळीची ही गोष्ट.

तारीख, शनिवार १२ ऑक्टोबर १९९६. जागा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं पार पश्चिमेचं टोक. तिथं ब्लॅक मेसा नावाचं एक पठार आहे.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

पुरुषोत्तम आणि नंदू हे दोघे जुने दोस्त. अडुसष्ट साली एकाच विमानानं अमेरिकेत आले, मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर झाले आणि शेवटी नोव्हाय गावात शेजारी शेजारी स्थिरावले. पुरुषोत्तमनं लग्न केलं नाही. नंदूची बायको कांचन. दर शनिवारी ती तीन ताटं मांडायची.

दोघांना एक वेड होतं. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात जे सगळ्यात उंच ठिकाण असेल, तिथं जायचं. पन्नास राज्यं, पन्नास जागा. काही खरोखरचे पहाड. काही नुसती शेतातली टेकाडं. एका ठिकाणी तर गुरांच्या पाण्याच्या हौदाशेजारी उभं राहिलं की झालं शिखर सर.

"इतकी वर्षं घासून एवढीच उंची गाठली बे आपण," नंदू तिथं म्हणाला होता.

नंदू मूळचा नागपूरचा. जिथं जाईल तिथं खिशात एक संत्रं ठेवायचा. इथल्या संत्र्यांना नावं ठेवत ठेवत सोलायचा. साल एकाच लांब पट्टीत निघाली पाहिजे, मध्ये तुटता कामा नये. मग अर्धं संत्रं पुरुषोत्तमला. कायम अर्धं. फोडी मोजून.

आणि दोघांचा एक नियम होता.

शिखरावरच्या खुणेला एकट्यानं हात लावायचा नाही. जो पुढे असेल त्यानं थांबायचं. दुसरा आला की नंदू म्हणणार, "चल." मग दोघांनी एकदम हात टेकवायचा.

वीस राज्यं अशी झाली.

एकविसावं ब्लॅक मेसा. तिथं ते पहिल्यांदा गेले ८ ऑक्टोबर १९९४ ला.

वाट फार चढाची नाही. पण एका बाजूनं चार मैल आणि सावली कुठंच नाही. निम्म्या वाटेवर एक मोठा काळा खडक पुढे झुकलेला आहे, तेवढीच काय ती सावली. तिथं नंदू बसला.

"पुरुष्या, तू जाऊन ये. पाय बोलायला लागले."

"थांबू ना दोघंही. घाई काय आहे?"

"जा बे. परत एवढं लांब कोण येतंय? मी दम खातो जरा."

पुरुषोत्तम गेला. वर सपाट पठार, आणि मधोमध ग्रॅनाइटचा एक उंच खांब. त्यानं एकट्यानं खांबाला हात लावला. शेजारी लोखंडी डबा होता. त्यात वही. येणारा माणूस तिच्यात नाव, गाव आणि आपलं हे कितवं शिखर ते लिहून जातो. पुरुषोत्तमनं स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिलं. पुढे २१.

मग थोडा विचार केला. खालच्या ओळीत नंदूचंही नाव लिहिलं. पुढे २१.

आकडा मोडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मित्राला बरं वाटेल.

खाली येऊन त्यानं सांगितलं तेव्हा नंदू हसला.

"माझं नाव तू टाकलंस? मग वर गेलं कोण?"

परतीच्या वाटेवर तो गाडीत फारसा बोलला नाही. सारखा डावा खांदा चोळत होता.

फेब्रुवारीत नंदू गेला. हृदयविकाराचा झटका. हा पहिला नव्हे, चार-पाच महिन्यांपूर्वी एक सौम्य येऊन गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. पुरुषोत्तमनं बोटांवर महिने मोजले. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर...

ऑक्टोबर.

पाय बोलत नव्हते तर.

महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत त्याला दोन शब्द बोलायला लावलं. तो म्हणाला, "नंदूनं एकवीस शिखरं सर केली." लोकांनी माना डोलावल्या. एकदा उच्चारलेलं खोटं मग मागे घेता येईना.

वर्षश्राद्धाला नोव्हायमध्ये गुडघाभर बर्फ होता. मागच्या अंगणात पान ठेवून सगळे काचेच्या दारामागे उभे राहिले. झाडावर कावळे होते. एकही खाली उतरला नाही. तासाभरानं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी उरकला.

त्या दिवशी कांचन त्याला स्वयंपाकघरात म्हणाली, "भावोजी, एक विचारू? यांच्या डायरीत वीसच शिखरांची नोंद आहे. ओक्लाहोमाचं पान कोरं आहे. तिथं हे वर गेले होते ना?"

"गेला होता, वहिनी."

"बरं," ती म्हणाली आणि ओट्यावरचं पाणी पुसत राहिली.

त्यानंतर पुरुषोत्तमला झोप येईना. उन्हाळा तसाच गेला. शेवटी ऑक्टोबरात त्यानं गाडी काढली. दोन दिवस एकट्यानं चालवली. जायचं, वहीतली ती ओळ खोडायची, आणि मग वहिनींना खरं सांगायचं. एवढंच काम होतं.

वाटेच्या तोंडाशी पोचला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्याच्याखेरीज दुसरी गाडी नव्हती.

चालायला लागला. पिवळं गवत. खुरटी झुडपं. भणाणता वारा.

पहिला मैल गेला...

आणि वारा पडला.

पडला म्हणजे एकदम. गवताचं पातं हलेना. इतका वेळ कुठं कुठं ओरडणारी पाखरं होती, तीही गप्प.

मग मागून आवाज आला.

टक.

पुरुषोत्तम थांबला. आवाज थांबला.

तो चालू लागला.

टक... टक... टक...

लाकूड दगडावर आपटल्याचा आवाज. हा आवाज तो ओळखत होता. नंदू कॉलेजात हॉकी खेळायचा. चढायला तो काठी घेत नसे, ती जुनी हॉकी स्टिक उलटी धरून चालायचा. वीस राज्यं हाच आवाज पुरुषोत्तमच्या मागं होता.

त्यानं वळून पाहिलं. वाट मैलभर सरळ दिसत होती. वाटेवर कुणी नव्हतं. धुळीत पावलं होती, ती एकट्या त्याच्या बुटांची.

"मला भीती नाही वाटली रे," तो मला पुढे म्हणाला. "बरं वाटलं. दोन वर्षांनी कुणीतरी सोबत चालत होतं. मी मुद्दाम हळू चाललो, त्याला दम लागू नये म्हणून."

तो काळा खडक आला. सावलीत वाकून त्यानं पाहिलं...

संत्र्याची साल होती.

एकच लांब पट्टी, कुठं न तुटलेली, गोल वेटोळं होऊन पडलेली. त्या कोरड्या हवेत ओला रुमाल अर्ध्या तासात कडक होतो. साल ओली होती. तिचा वास येत होता.

मागं टकटक थांबली होती.

पुरुषोत्तम तिथं बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "नंदू, या वेळी दोघं जाऊ."

उत्तर आलं नाही. तो चढाला लागला. कान मागं ठेवून. दहा पावलं... वीस पावलं...

मागं काहीच वाजलं नाही.

तो वर पठारावर आला तेव्हा साडेबारा झाले होते. टेबलासारखं सपाट रान. लांब मधोमध तो ग्रॅनाइटचा खांब. आणि इतक्या वेळानं पुन्हा आवाज आला.

टक... टक...

या वेळी मागून नाही. पुढून. खांबाच्या दिशेनं. आणि दूर दूर जाणारा.

तो आता धावतच निघाला. अडुसष्टावं वर्ष लागायचं होतं त्याला, तरी धावला. खांबापाशी पोचेतो आवाज बंद झाला होता. खांबाच्या चारी बाजूंनी तो फिरला. कुणी नाही.

त्यानं डबा उघडला. वही तीच होती, फुगलेली, पानं पिवळी पडलेली. ८ ऑक्टोबर १९९४ चं पान काढलं. खोडायला पेन हातात तयारच होतं.

पानावर त्याचं नाव नव्हतं.

जिथं त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं ती ओळ कोरी होती. खोडलेली नाही, खरवडलेली नाही. कोरी. वरची नावं होती, खालची नावं होती. मधल्या त्या ओळीत कुणी कधी पेन टेकवलंच नव्हतं.

आणि तिच्या खालच्या ओळीत...

'नंदू. नागपूर. २१.'

मराठीत. नंदूचं अक्षर. त्याच्या 'न'ची शेपूट पुढच्या अक्षरापर्यंत जायची, तशीच ती गेली होती.

पुरुषोत्तमनं वही मिटली, पुन्हा उघडली. पुन्हा तेच.

आपण खरंच वर आलो होतो ना? त्यानं आठवून पाहिलं. वर आल्याचं आठवत होतं. पण आता खडकाखाली बसल्याचंही आठवायला लागलं. संत्र्याचा वास. दूर जाणारी टकटक. कुणाची तरी वाट पाहणं...

तो उठला आणि खांबासमोर उभा राहिला. वारा परत सुटला होता, चांगलाच गार. त्यानं तळहात दगडाजवळ नेला. न टेकवता. एके ठिकाणी, नंदूच्या खांद्याच्या उंचीवर, तळव्याएवढ्या जागेतून ऊब येत होती. बाकी सगळ्या दगडाजवळ नुसता गारवा.

हात टेकवायचं एवढंच बाकी होतं.

तो थांबला. नियम होता.

"चल" ऐकू येईल म्हणून तो थांबला. एक तास. मग आणखी एक तास.

कुणी काही म्हणालं नाही.

ऊन कलायला लागलं तशी तो खांबाला हात न लावता, वहीत काही न लिहिता उतरला. निम्म्या वाटेवर पुन्हा तो काळा खडक आला. साल तिथं नव्हती.

खडकाच्या सपाट कडेवर अर्धं संत्रं ठेवलेलं होतं.

सोललेलं. फोडी नीट जुळवून. पाच.

पुरुषोत्तम त्याच्याकडे बघत उभा राहिला. लहानपणी आईनं सांगितलेलं आठवलं, वाटेवर ठेवलेलं काही खाऊ नये. त्यानं हात पुढे केला...

आणि मागे घेतला.

मग मात्र तो भ्यायला. गाडीपर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. मागं काही वाजतही नव्हतं. तेच त्याला सगळ्यात असह्य झालं.

संध्याकाळी जवळच्या गावातल्या मोटेलमधून त्यानं कांचनला फोन लावला.

"वहिनी, मी खोटं बोललो होतो. नंदू त्या दिवशी वर आला नव्हता. तो खाली बसला होता, त्याला बरं नव्हतं आणि मी त्याला सोडून गेलो. त्याचं नाव मी लिहिलं."

कांचन म्हणाली, "ठाऊक आहे मला. हे त्याच रात्री बोलले होते. म्हणाले, 'पुरुष्याला काही बोलू नको, त्याला वाईट वाटेल. एकदा जाऊन हात लावून येईन म्हणजे झालं.' राहूनच गेलं ते."

पुरुषोत्तम पलंगाच्या कडेवर टेकला.

"तुम्ही कुठं आहात, भावोजी?"

त्यानं सांगितलं.

"आज सर्वपित्री आहे. ठाऊक होतं ना तुम्हाला?"

त्याला ठाऊक नव्हतं. तिथी त्यानं पाहिलीच नव्हती. शनिवार गाठायचा म्हणून निघाला होता.

"दुपारी यांचं पान ठेवलं अंगणात. दीड वाजला असेल. ठेवलं न ठेवलं तोच कावळा शिवला."

तिथले दीड. म्हणजे इथले साडेबारा.

"पण एक सांगू का?" कांचन म्हणाली. "कावळे दोन आले होते. एकानं खाल्लं. दुसरा कठड्यावर नुसता बसून राहिला. मी म्हटलं, ये बाबा, तूही घे. दोन तास बसला होता. पानाला शिवला नाही, आणि उडूनही गेला नाही."

ही गोष्ट पुरुषोत्तमनं मला सांगितली त्याला आता बराच काळ लोटलाय. त्यानंतर तो आणखी आठ राज्यांत जाऊन आला. एकटाच. प्रत्येक ठिकाणी खुणेपासून एका पावलावर थांबतो. ऐकतो. मग परत फिरतो. एकाही वहीत त्याचं नाव नाही. त्याचा आकडा वीसवरच आहे.

मागच्या खेपेला तो घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, लाव हात. कोण बघतंय?

तो म्हणाला, "नंदू वर गेला. मी अजून त्या खडकाखालीच बसलोय."

  निघताना तो दारात घुटमळला. बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,

"ते अर्धं संत्रं मी घ्यायला हवं होतं का रे?"