बोट काढू नका

चालू.

"दारात उभे राहू नका, इकडे या... तुमचं बोट द्या."

"कुठलं?"

"कुठलंही चालेल. ठेवा इथे. आता हलू नका."

त्या अनोळखी माणसाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि सर्किट बोर्डवरच्या केसाएवढ्या तांब्याच्या रेघेवर बोट टेकवलं. तिने आपलं अवघडलेलं बोट सोडवून घेतलं. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही.

"बघा, बोट आहे तोवर ॲम्प्लिफायर झकास रेडिओ लहरी सोडतो. काढलं की त्याला वीज देणारी चिप मान टाकते. कसली भिकार चिप पाठवलीय त्या लोकांनी!"

"खरंय," तो म्हणाला. "ते लोक म्हणजे मी. तक्रार बघायला पाठवलंय."

तिचा चेहरा लालेलाल... त्याने बोट मात्र काढलं नाही.

बंद.

तिचा हा पहिलाच बोर्ड. प्रत्येक रेघ तिनेच आखलेली, दहादा तपासलेली. त्यामुळे दोष चिपचाच, असं साहेब धरूनच चालले होते.

"तुझे चिपवाले आले गं!" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रोज ओरडायची. तो रोज यायचा, चहा गार होईपर्यंत फुंकत बसायचा, आणि साहेबांची सगळी बोलणी खालमानेने ऐकून घ्यायचा.

"उद्यापर्यंत बघतो," साहेब शेवटी म्हणाले. "नाहीतर ऑर्डर दुसऱ्या कंपनीला."

"ऑर्डर गेली तर तुमचं काय?" तिने नंतर हळूच विचारलं.

"माझं? दूरच्या शाखेत बदली," तो म्हणाला, आणि चहा फुंकू लागला.

चालू.

दुसऱ्या दिवशी तिने पातं घेतलं, ती रेघ कापली आणि त्याऐवजी लांबून, ॲम्प्लिफायरला वळसा घालून एक बारीक तार जोडली.

बोट नाही. तरी चालू.

म्हणजे तिचीच रेघ ॲम्प्लिफायरच्या तोंडाजवळून गेली होती. त्याच्याच लहरी तिच्यात शिरत आणि चिप गोंधळून बंद पडे; बोट असलं की ते त्या लहरी शोषून घेई.

"चूक माझी," ती पुटपुटली. त्याला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "तुम्हाला... माहीत होतं?"

"बोट ठेवलं तेव्हाच शंका आली होती."

"आणि गप्प बसलात?"

"साहेबांसमोर कसं बोलणार? तुमचा पहिला बोर्ड... म्हटलं, तुम्हालाच सापडेल."

"उपकार नकोत मला! तुमची बदली व्हायची वेळ आली होती! यापुढे जे दिसेल ते तोंडावर सांगायचं."

"सगळं?"

"सगळं!"

ती तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि चूक आपली, चिपची नाही, असं सांगून आली. कान गरम झाले होते, पण ऑर्डर वाचली होती. बोर्डही तिच्याकडेच राहिला होता.

तो पिशवी भरत होता.

"निघालात?"

"काम संपलं." तो थांबला. "पण... तोंडावर सांगायचं ठरलंय ना? मला उद्याही यायचंय. चिपसाठी नाही."

शेजारच्या टेबलावर मैत्रिणीने कान टवकारले.

"पिशवी खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि बोट द्या."

"कुठलं?"

"सगळीच."