वरच्या मशीनची सही

पटो न पटो, घडलं ते असंच. शहबाज थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायलाही अंगात जीव लागतो, आणि त्या दिवशी तो पार गळून गेला होता.

वाशीम. मार्चमधला रविवार. भर दुपारचे तीन.

एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये दोन सर्व्हर. एक खाली, एक दुसऱ्या मजल्यावर. दोन्हींच्या नेटवर्क कार्डांत आरडीएमए चालू करायचं होतं. म्हणजे एका मशीनने दुसऱ्याच्या मेमरीत थेट हात घालायचा, प्रोसेसरला न विचारता. पण सेटिंग दोन्ही टोकांना लागतं, आणि इथे ते त्या त्या मशीनसमोर बसूनच करावं लागे.

शहबाजचा जोडीदार इंद्रभान. वयाने मोठा, एक गुडघा कामातून गेलेला. त्याने एक वही ठेवली होती. ज्याने मशीन लावलं, त्यानेच तिच्यात सही करायची.

"सही कराच्या आंधी जिना चढत जाय बाबू," तो नेहमी म्हणायचा.

जानेवारीत शहबाजने कंटाळा केला. वर न जाताच दोन्ही सह्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी स्कॅन अडकले. शहबाज अकोल्यात होता. इंद्रभान अंगात ताप घेऊन आला, तो जिना चार वेळा चढला-उतरला...

संध्याकाळी इंद्रभान वारला.

ती खोटी सही कोणाची, हे त्याच्या बायकोला, चतुराबाईला, अजून माहीत नव्हतं.

आता कार्डं नवीन आली होती. काम तेच, माणूस एकटा. दोन रात्रींची झोप नाही. खालचं सेटिंग झालं. शहबाजने जिन्याकडे पाहिलं. पाय उचलेनात.

वरचं उद्या करू, सही आज करू. त्याने पेन उघडलं.

जिन्यावर पाऊल वाजलं...

एक पाय ठक. दुसरा घासत.

मग वर खुर्ची सरकली...

समोरच्या स्क्रीनवर दोन्ही मशीन जोडल्याची टेस्ट लागली. वरच्या टोकाला कोणी सुरू केल्याशिवाय ती लागतच नाही.

शहबाज धावत बाहेर आला. वॉचमन लखीराम दारात बसलेला.

"वर कोण गेलं?"

"कोण जाईन भाऊ? वरची चाबी तं माह्या खिशात हाय. तुमी काहून घामाघूम होऊन राह्यले?"

शहबाज आत आला. वही टेबलावर होती तशीच.

वरच्या मशीनपुढे सही होती...

इंद्रभानची. शाई ओली.

दुसऱ्या दिवशी तो सगळं कबूल करायला चतुराबाईकडे गेला. त्याने तोंड उघडायच्या आधीच ती बोलली.

"काल दुपारी डोया लागला तं हे आले सपनात. तेलाची शिशी मांगे. म्हने, गुडघा लय दुखून राह्यला."

शहबाज कबुली न देताच परतला.

आता तो प्रत्येक जिना चढतो. भुताची भीती नाही, म्हणतो. पण मेल्यावरही त्या माणसाला आपण आपल्या वाटणीचा जिना चढायला लावला, ह्या विचाराने त्याला अजून झोप लागत नाही.